मैदानावरील अतिचार

पक्खी असो वा संवत्सरी, प्रतिक्रमण करताना आपण पहिल्या अणुव्रताच्या पाच अतिचारांचा उच्चार करतो. दिगंबर परंपरेत हेच पाच अतिचार तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायातून वाचले जातात. बांधून ठेवणे, मारणे, अवयवांना इजा करणे, शक्तीबाहेर भार लादणे आणि अन्नपाणी रोखणे. संप्रदाय वेगळे, पाठ वेगळे, आशय एकच. पाठशाळेत याचा अर्थ सांगताना बैलगाडीचे उदाहरण दिले जाई. बैलावर त्याला न पेलणारी पोती लादू नयेत, दावणीच्या जनावराचे वैरण-पाणी चुकवू नये, दुकानातील नोकरालाही हाच न्याय लावावा. व्यापार बैलांच्या पाठीवर चालत होता त्या काळी हे उदाहरण चपखल होते. आज आपल्या दारी बैल नाहीत. परंतु दुसऱ्याच्या स्वाधीन असलेला आणि स्वतःहून 'आता पुरे' असे म्हणू न शकणारा जीव आजही आपल्या घरात आहे. पहाटे पाच वाजता खांद्याला पिशवी अडकवून तो जलतरण तलावावर, जिम्नॅस्टिक्सच्या सभागृहात किंवा बॅडमिंटनच्या अकादमीत जातो.

हे साम्य ओढूनताणून आणलेले नाही. ब्रिटनमधील जिम्नॅस्टिक्स या खेळात मुलामुलींना कशी वागणूक मिळते, याची चौकशी ॲन व्हाइट या ज्येष्ठ विधिज्ञ महिलेने केली. जून 2022 मध्ये त्यांचा अहवाल प्रसिद्ध झाला. ऑगस्ट 2008 ते ऑगस्ट 2020 हा बारा वर्षांचा काळ त्यांनी तपासला. 400 हून अधिक निवेदने त्यांच्याकडे आली. त्यांपैकी 40 टक्क्यांहून अधिक निवेदनांत शारीरिक छळाचे वर्णन होते, तर निम्म्याहून अधिक निवेदनांत मानसिक छळाचे. दुखापत झालेली असतानाही सराव करावयास लावणे, पाणी पिऊ न देणे, स्वच्छतागृहात जाण्याची परवानगी नाकारणे, वारंवार वजनकाट्यावर उभे करून टोचून बोलणे, खाण्याच्या पदार्थांसाठी मुलांच्या पिशव्या तपासणे. भुकेलेली मुले खाऊ लपवून ठेवीत. अतिभार आणि अन्नपाण्याचा निरोध हे दोन अतिचार एकविसाव्या शतकातील एका श्रीमंत देशात, झगमगीत क्रीडासंकुलांत, अक्षरशः सापडले.

कोणी म्हणेल, आपल्या समाजाला उपवासाचे काय नवल? नवल नाहीच, म्हणूनच उपवास आणि उपासमार यांतील भेद आपल्याइतका दुसऱ्या कोणाला कळावा? पच्चक्खाण स्वतःच्या इच्छेने घ्यावे लागते. अठ्ठाई करणाऱ्या मुलीभोवती तिची सुखसाता विचारणारी दहा माणसे असतात, आणि प्रकृतीने साथ दिली नाही तर गुरुमहाराजच पारणे करण्यास सांगतात. प्रशिक्षकाच्या धाकाने अर्धपोटी राहणाऱ्या मुलीची साता विचारणारा तेथे कोणीही नसतो.

या 'लहान' छळाकडे आधी लक्ष वेधण्याचे कारण असे की, क्रीडाक्षेत्रातील लैंगिक अत्याचार एकाएकी घडत नाही. त्याची जमीन आधीपासून नांगरलेली असते. अमेरिकेच्या राष्ट्रीय जिम्नॅस्टिक्स संघाचा आणि मिशिगन स्टेट विद्यापीठाचा डॉक्टर लॅरी नासर याने शेकडो मुलींवर उपचाराच्या नावाखाली लैंगिक अत्याचार केले. राष्ट्रीय संघाची शिबिरे टेक्सासमधील एका दूरच्या रँचवर भरत. पालकांना तेथे राहण्यास मनाई होती, आणि खाण्यावर व वजनावर कडक पहारा असे. अशा वातावरणात हा डॉक्टर गोड बोले, चोरून खाऊ आणून देई. तेथील मोठ्या माणसांत तोच एक मायाळू वाटत असे, असे अनेकींनी पुढे सांगितले. उपाशी मुलीला दिलेला पावाचा तुकडा हेही जाळे असू शकते. दुखले तरी बोलायचे नाही, आपल्या शरीराचा निर्णय आपला नाही, तक्रार करणारा दुबळा असतो, हे धडे कठोर प्रशिक्षणाने आधीच गिरवून घेतलेले होते. नासरला फक्त त्यांचा उपयोग करावयाचा होता.

आता 'पहिल्यांदा सांगण्या'विषयी. माझ्या मते या साऱ्या विषयाचे मर्म येथे आहे.

1997 मध्ये, म्हणजे नासर पकडला जाण्याच्या सुमारे एकोणीस वर्षे आधी, मिशिगन स्टेट विद्यापीठातील युवा जिम्नॅस्टिक्स वर्गाच्या एका सोळा वर्षांच्या मुलीने आपल्या प्रशिक्षिकेला घडला प्रकार सांगितला. तक्रार पुढे नेलीस तर त्याचे गंभीर परिणाम होतील, असे तिला ऐकवण्यात आले, असे तिने नंतर सांगितले. दुसरी मुलगी काइल स्टीफन्स. ती खेळाडू नव्हती. नासरच्या कौटुंबिक स्नेह्यांची मुलगी होती. बारा वर्षांची असताना तिने आईवडिलांना सांगितले. तिला एका मानसशास्त्रज्ञाकडे नेण्यात आले. त्याने पोलिसांना किंवा बालसंरक्षण यंत्रणेला कळवण्याऐवजी नासर आणि पालक यांची समोरासमोर भेट घडवली. नासरने सर्व नाकारले आणि आईवडिलांनी त्याच्यावर विश्वास ठेवला. मुलगी खरे बोलत होती हे वडिलांना पटले तेव्हा बराच काळ लोटला होता. तो अपराधभाव त्यांना सोसला नाही. त्यांनी आयुष्य संपवले. जानेवारी 2018 मध्ये लान्सिंगच्या न्यायालयात दीडशेहून अधिक स्त्रिया सात दिवस एकापाठोपाठ एक उभ्या राहून बोलल्या. त्यांत पहिली उभी राहिली ती काइल.

सुज्ञ वाचकांनी त्या भेटीवर क्षणभर थांबावे, अशी विनंती आहे. दोन्ही पक्षांना एकत्र बसवून, चहा मागवून, वाद कोर्टकचेरीविना मिटवणे हा व्यापारी समाजाचा फार जुना आणि स्पृहणीय गुण आहे. बाजारपेठेतील कितीतरी वाद असेच मिटले आणि कितीतरी कुटुंबे वकिलांच्या खर्चातून वाचली. परंतु या एका बाबतीत तोच गुण घातक ठरतो. व्यवहारातील वादात दोन्ही पक्ष सारख्या उंचीवर उभे असतात. येथे एका बाजूला बारा वर्षांची मुलगी आहे आणि दुसऱ्या बाजूला सारे गाव ज्याला मान देते असा गृहस्थ. त्याच्यासमोर बसून तिने बोलावे अशी अपेक्षा करणे म्हणजे तिला गप्प बसवणे होय. समाजकार्याचे रीतसर शिक्षण घेतलेल्या व्यक्तीची गरज या ठिकाणी निर्माण होते. चांगली माणसे तेथेही होतीच. केवळ सद्भावना पुरी पडली नाही.

अशा व्यक्तीने नेमके काय करावयाचे असते? मूल बोलू लागले की ऐकावयाचे. 'खरेच का?', 'तू तेथे गेलीसच कशाला?' असे प्रश्न विचारावयाचे नाहीत. 'त्यांनी तुला असे केले का?' अशी उत्तरे तोंडात घालावयाची नाहीत. 'मी कोणालाही सांगणार नाही' असे वचन द्यावयाचे नाही, कारण ते पाळता येत नाही. कोणाला आणि कशासाठी सांगावे लागेल, हे मुलाला समजेल अशा शब्दांत सांगावयाचे. मुलाचे शब्द त्याच्याच भाषेत, त्याच दिवशी, तारखेसह लिहून ठेवावयाचे. आरोप असलेल्या माणसाशी स्वतः बोलणी करावयाची नाहीत. गुन्हा सिद्ध झाला की नाही हे ठरवणेही त्यांचे काम नव्हे, ते न्यायालयाचे. म्हणून निर्दोष प्रशिक्षकालाही या पद्धतीपासून भय नाही. बहुसंख्य प्रशिक्षक तुटपुंज्या मानधनावर मुलांसाठी राबतात. त्यांच्यावर उगाच आळ येऊ नये यासाठीही उघडे दार आणि दुसरा प्रौढ माणूस उपयोगीच पडतो.

त्यानंतरचे काम अधिक दीर्घ असते, आणि ते वर्तमानपत्रांत येत नाही. आईवडिलांचा राग, लाज, एकमेकांवर दोषारोप यांतून घर सावरणे. मुलाला खेळ सोडावा लागू नये यासाठी दुसरी सोय पाहणे. ही बाब आपण फार हलकी मानतो. 'राहू दे आता तो खेळ' असे पालक सहज म्हणतात. परंतु ज्या मुलीने सहा वर्षे पाण्यात घालवली तिला तलावातून काढून घेणे म्हणजे दुसऱ्याच्या अपराधाची शिक्षा तिला देणे.

ब्रिटनने हा धडा आधी घेतला, तोही ठेच लागल्यावर. 1988 च्या सोल ऑलिम्पिकमधील ब्रिटिश जलतरण संघाचा प्रशिक्षक पॉल हिक्सन याला 1995 मध्ये मुलींवरील अत्याचारांसाठी सतरा वर्षांची शिक्षा झाली. त्यानंतर तेथील मोठी बालसंरक्षण संस्था आणि इंग्लंडची शासकीय क्रीडा यंत्रणा यांनी मिळून 2001 मध्ये खेळातील बालसंरक्षणासाठी स्वतंत्र कक्ष स्थापला. क्लबमध्ये 'कल्याण अधिकारी' असण्याची पद्धत रूढ झाली. प्रशिक्षकाने मुलाला एकट्याला गाडीतून न्यावे का, वसतिगृहात रात्री कोण थांबावे, मुलांशी संदेशांची देवाणघेवाण कशी असावी, यांसारख्या रोजच्या बाबींचे नियम झाले. एवढे करूनही 2022 चा व्हाइट अहवाल निघालाच, हे खरे. नियम कागदावर असून भागत नाही. ते पाहणारा माणूस क्लबच्या विजयावर अवलंबून नसावा लागतो.

येथे मुलग्यांविषयी एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण आपण हा विषय मुलींचाच समजतो. नोव्हेंबर 2016 मध्ये अँडी वुडवर्ड या इंग्रज फुटबॉलपटूने, बालपणी बॅरी बेनेल या प्रशिक्षकाने आपल्यावर केलेल्या अत्याचारांविषयी स्वतःचे नाव देऊन वृत्तपत्राला सांगितले. लगोलग एक मदतवाहिनी सुरू झाली. पहिल्याच आठवड्यात तिच्याकडे 800 हून अधिक फोन आले. मार्च 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या शेल्डन अहवालात 1970 ते 2005 या काळातील किमान 692 पीडित आणि 240 संशयित नोंदले गेले. वीस-तीस वर्षे हे पुरुष कोणालाही काही बोलले नव्हते. पत्नीलाही नाही.

आपल्या देशाकडे वळताना सर्वप्रथम आठवते ती पंचकुल्याची रुचिका गिरहोत्रा. 1990 मध्ये ती चौदा वर्षांची टेनिस खेळाडू होती. ज्याच्याविरुद्ध तक्रार होती तो हरियाणाचा वरिष्ठ पोलीस अधिकारी आणि राज्य टेनिस संघटनेचा अध्यक्ष होता. प्राथमिक चौकशीत गुन्हा नोंदवावा असा अभिप्राय आला, तरी तो नोंदला जाण्यास 1999 उजाडले. दरम्यान तिची शाळा सुटली, भावावर खटले भरले गेले, कुटुंब पिचले; आणि डिसेंबर 1993 मध्ये त्या मुलीने विष घेतले. 2009 मध्ये सीबीआय न्यायालयाने अपराध्याला सहा महिन्यांची शिक्षा दिली, वरच्या न्यायालयाने ती अठरा महिन्यांची केली, आणि 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोष कायम ठेवून शिक्षा तोवर भोगलेल्या कालावधीपुरती मर्यादित केली. एवढी वर्षे हे प्रकरण कोणी जिवंत ठेवले? तिच्या मैत्रिणीच्या, आराधनाच्या, आईवडिलांनी. आनंद प्रकाश आणि मधु प्रकाश हे दांपत्य नात्याचे नव्हते. एका शेजारी कुटुंबाने एकोणीस वर्षे जे काम पदरमोड करून केले, त्यासाठी व्यवस्थेने माणूस नेमलेला असावयास हवा होता.

आज कायदा तेव्हासारखा नाही. बालकांच्या लैंगिक अत्याचारांपासून संरक्षणासाठीचा 2012 चा पोक्सो कायदा अठरा वर्षांखालील मुलगा आणि मुलगी या दोघांनाही लागू आहे. गुन्ह्याची माहिती असूनही ती न कळवणे हाच त्यात गुन्हा आहे: सामान्य प्रौढ व्यक्तीला सहा महिन्यांपर्यंत कैद वा दंड, आणि संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या व्यक्तीविषयीची माहिती दडवल्यास एक वर्षापर्यंत कैद. मुलाचा जबाब घरी किंवा त्याला सोयीच्या ठिकाणी, गणवेशात नसलेल्या अधिकाऱ्याने घ्यावयाचा असतो. मुलाचे नाव प्रसिद्ध करण्यास बंदी आहे. आणि बाल कल्याण समितीने मुलासाठी एक 'साहाय्यक व्यक्ती' नेमावयाची असते, जी पोलीस ठाण्यापासून निकालापर्यंत त्याच्या सोबत राहते, त्याला पुढची पायरी समजावून सांगते, वैद्यकीय आणि आर्थिक मदत मिळवून देते. ऑगस्ट 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या तरतुदीची अंमलबजावणी नीट व्हावी म्हणून सविस्तर निर्देश दिले. हे काम समाजकार्याचे आहे, आणि त्यासाठी त्या विषयाचे शिक्षण घेतलेली माणसेच अपेक्षित आहेत.

प्रौढ खेळाडूंसाठी कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा 2013 चा कायदा आहे. त्यात 'कामाचे ठिकाण' या व्याख्येत क्रीडा संस्था, स्टेडियम आणि स्पर्धास्थळ यांचा स्पष्ट उल्लेख आहे. अंतर्गत समितीत एक सदस्य बाहेरचा, स्त्रियांच्या प्रश्नांवर काम करणाऱ्या संस्थेतला किंवा या विषयाचा जाणकार, असावाच लागतो. तरीही 2023 मध्ये ऑलिम्पिक पदके मिळवलेले कुस्तीगीर जंतरमंतरवर येऊन बसले. त्यांच्या आरोपांचा निवाडा न्यायालयाकडे सोडू. परंतु त्याच सुमारास अनेक क्रीडा महासंघांत अशी समितीच नीट अस्तित्वात नसल्याच्या वृत्ताची दखल घेऊन राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने नोटिसा काढल्या. पदकविजेत्याला तक्रारीसाठी पदपथ शोधावा लागत असेल, तर जिल्हा पातळीवरच्या तेरा वर्षांच्या मुलीने कोठे जावे?

इतिहासातील एक योगायोग येथे सांगावासा वाटतो. 1920 च्या अँटवर्प ऑलिम्पिकला भारतीय खेळाडू गेले ते सर दोराबजी टाटा यांच्या पुढाकाराने आणि पैशाने. त्या कल्पनेचे बीज पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावरील शर्यतींत होते. भारतीय ऑलिम्पिक संघटनेचे पहिले अध्यक्षही तेच. आणि त्यांच्याच नावाच्या विश्वस्त निधीतून 1936 मध्ये मुंबईत समाजकार्याचे शिक्षण देणारी देशातील पहिली संस्था उभी राहिली, आजची टाटा समाजविज्ञान संस्था. 1098 ही मुलांसाठीची मदतवाहिनीदेखील 1996 मध्ये याच संस्थेतील एका उपक्रमातून सुरू झाली. एका व्यापारी घराण्याच्या दानातून खेळ आणि समाजकार्य ही दोन्ही रोपे लागली. शंभर वर्षांत ती एकमेकांना फारशी भेटली नाहीत.

दानाचा विषय निघाला आहे, तर आपल्या दानाविषयीही बोलू. आपल्या समाजातील कितीतरी गृहस्थ शाळांचे विश्वस्त आहेत, क्रीडासंकुलांचे देणगीदार आहेत, स्पर्धांचे प्रायोजक आहेत. कोनशिलेवर नाव असते, बक्षीस समारंभाला व्यासपीठावर खुर्ची असते. आपले शास्त्र पापाचे तीन मार्ग सांगते: स्वतः करणे, दुसऱ्याकडून करविणे आणि केलेल्यास अनुमोदन देणे. मुलांना पाणी पिऊ न देणाऱ्या प्रशिक्षकाने पदके आणली म्हणून त्याला शाल-श्रीफळ देताना आपण तिसऱ्या मार्गावर असतो. हे कठोर वाटेल; मला ते खरे वाटते. हिशेबाच्या भाषेतही पाहा. नासर प्रकरणात लौकिक जपण्यासाठी जे मौन पाळले गेले, त्यापायी त्या विद्यापीठाला 50 कोटी डॉलरची भरपाई मान्य करावी लागली, आणि अमेरिकेच्या जिम्नॅस्टिक्स महासंघाने डिसेंबर 2018 मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला.

आणि घरातील लौकिकाचे काय? 'मुलीचे पुढे लग्न व्हायचे आहे' हे वाक्य समुपदेशन करणाऱ्या कोणालाही नवे नाही. त्यामागची काळजी खोटी नाही. लहान गावात, एकाच पेठेत, चार गोत्रांत सोयरीक जुळवताना ती असणारच. परंतु कायदाच मुलाचे नाव गुप्त ठेवतो, हे बहुतेक पालकांना माहीत नसते. मौनाने अब्रू वाचते असे धरून चालले, तरी तो माणूस उद्या दुसऱ्याच्या मुलीला शिकवावयास उभा राहतो. ती मुलगीही बहुधा आपल्याच उपाश्रयातील वा मंदिरातील असते.

म्हणून उन्हाळी शिबिराचे शुल्क भरण्यापूर्वी, किंवा अकादमीला देणगीचा धनादेश देण्यापूर्वी, काही साध्या गोष्टी विचारता येतात. सराव चालू असताना पालकांना बसता येते का? बाहेरगावच्या स्पर्धेत मुलांच्या खोल्यांची व्यवस्था कोणाकडे आहे? दुखापत झाल्यास सराव थांबवण्याचा अधिकार कोणाचा? तक्रार ऐकणारी व्यक्ती प्रशिक्षकाच्या हाताखालची आहे की बाहेरची? हे प्रश्न ऐकून ज्या संस्थेला राग येतो, तेथे शुल्क भरण्याची घाई करू नये. आणि देणगीदारांनी एक अट घालावी: दहा खेळाडू कमी घ्या, पण आठवड्यातून दोन दिवस तरी समाजकार्याची पदवी घेतलेली एक व्यक्ती संकुलात येऊ द्या, तिचे वेतन आम्ही देऊ, आणि ती मुख्य प्रशिक्षकाला नव्हे तर विश्वस्त मंडळाला उत्तरदायी राहील. जिल्ह्याच्या ठिकाणी एम.एस.डब्ल्यू. झालेले तरुण-तरुणी काम शोधत असतात. एका चषकाच्या आणि एका भोजनसमारंभाच्या खर्चात त्यांचे वर्षाचे मानधन निघते. संकुलाच्या फलकावर प्रशिक्षकांच्या नावांखाली तिचे नाव, भेटण्याच्या वेळा आणि 1098 हा क्रमांक मुलांच्या नजरेच्या उंचीवर लिहावा, मोठ्यांच्या नव्हे.